मुलगा परिपाठात वचन वाचायला नाही म्हणतोय

मॅडम, जय ख्रिस्त.

मी कोल्हापुरातल्या एका ख्रिस्ती शाळेत शिकवते, अकरा वर्षं झाली. मुलगा याच शाळेत नववीत आहे. घर, शाळा आणि चर्च सगळं हाकेच्या अंतरावर. जे सर शाळेत पर्यवेक्षक आहेत तेच आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, वडील (एल्डर) आहेत. माझ्या मिस्टरांना गणित त्यांनीच शिकवलंय आणि आमच्या लग्नात साक्षीदार म्हणून सहीसुद्धा त्यांचीच आहे.

जुलैत एका सकाळी परिपाठात शास्त्रपाठ माझ्या मुलानं वाचला. त्याचा आवाज चांगला आहे. सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. तेवढ्यात आमच्या शिपाई मावशी गेटातून आत आल्या. पाऊस धो धो, वीस मिनिटं उशीर झालेला. सरांनी त्यांना उशिरा आलेल्या मुलांच्या ओळीत उभं केलं. मिटलेली छत्री हातात, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, दोन्ही बाजूंना पाचवी-सहावीची पोरं. दुसरी घंटा होईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. काही मुलं हसली. मावशी सुतारवाड्यात राहतात. पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की आधी घरातलं सामान वर ठेवून मग त्यांना निघावं लागतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. मीही पाहिलं. हातात कॅटलॉग होता, हजेरी घ्यायची होती, मी वर्गात गेले.

त्या दिवसापासून मुलगा परिपाठात वचन वाचत नाही. नाताळच्या कार्यक्रमात वाचनाला त्याचं नाव आहे, ते काढा म्हणतो. कन्फर्मेशनच्या, म्हणजे चर्चमध्ये आपली श्रद्धा स्वतःच्या तोंडानं जाहीर करण्याच्या तयारीच्या, वर्गाला जात नाही. रविवारी चर्चला येतो, पण मागच्या बाकावर बसतो. रात्री घरच्या उपासनेलाही बसतो, पण डोळे मिटत नाही. सासूबाई रडतात. मिस्टर शिरोलीला फाउंड्रीत आहेत, दमून येतात, म्हणतात दोन लावून दे, सरळ होईल. त्यात तो मित्रांबरोबर तालमीत जातो, फुटबॉल खेळतो, गणपतीत मित्राच्या घरी आरतीला उभा होता आणि प्रसादही खाल्ला. मंडळीतल्या एका बाईंनी चर्चच्या दारात मला सुनावलं, ‘शाळेत दुसऱ्यांची पोरं घडवता आणि घरातलं हातातून चाललंय.’ मुलगा म्हणतो, ‘वर्गात बाकीच्यांना प्रार्थना ऑप्शनल, मला एकट्यालाच कंपल्सरी.’ एकदाच त्यानं मनातलं काढलं, ‘सर एवढं वचन वाचतात, मग मावशींशी असं कसं काय?’ मला उत्तर देता आलं नाही.

सर वाईट माणूस नाहीत. २०१९च्या महापुरात शाळेच्या वर्गांत माणसं राहायला होती, तेव्हा ते रात्र रात्र जागे असायचे. मावशींचं कुटुंबही तेव्हा तिथंच होतं. मुलाला जबरदस्ती करू का सोडून देऊ?

एक आई, कोल्हापूर

*

जय ख्रिस्त, ताई.

जबरदस्ती की सोडून देणं, याचं उत्तर मी देणार आहे. पण आधी तुमच्याच पत्रातल्या एका ओळीपाशी थांबते, कारण ती तुम्ही घाईघाईत लिहून पुढं गेलात. ‘मीही पाहिलं. हातात कॅटलॉग होता, हजेरी घ्यायची होती, मी वर्गात गेले.’ परिपाठ संपून मुलं वर्गात जात होती आणि त्यांत तुमचा मुलगा होता. त्यानं मावशींना पाहिलं तसं तुम्हालाही पाहिलं असेल. शाळेत असं काही घडलं आणि आई त्याच आवारात असली की पोराची नजर आधी तिच्याकडे जाते. ‘सर असं कसं वागले’ हा प्रश्न तो तुम्हाला विचारतो, तेव्हा त्यातला निम्माच सरांबद्दलचा आहे. उरलेला निम्मा तुमच्याबद्दलचा आहे, आणि तो विचारायला त्याची जीभ रेटत नाही. तुमच्यावर त्याचा जीव आहे म्हणून रेटत नाही.

तुम्ही गप्प का राहिलात ते मला समजतं. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यांनी इथं शाळा काढल्या, आणि तेव्हापासून आपल्या समाजात शाळा आणि चर्च एकमेकांना लागूनच वाढत आली. त्यातून आपल्याला खूप मिळालं. ज्यांच्या आधीच्या सात पिढ्यांनी पाटी पाहिली नव्हती त्या घरांतून शिक्षक झाले, नर्सेस झाल्या. पण त्याच जवळिकीमुळं नोकरी, मंडळी, शेजार आणि सोयरीक त्याच त्याच माणसांत फिरत राहते. शाळेत सरांना एक शब्द बोललात तर रविवारी तुम्ही चर्चला पोचण्याआधी तो शब्द पोचलेला असतो. तुमच्या नवऱ्याचे मास्तर, तुमच्या लग्नाचे साक्षीदार, तुमचे वरिष्ठ आणि तुमच्या मंडळीचे वडील, हे चौघं एकाच खुर्चीत बसलेत. अशा माणसासमोर कुणाचाही पाय अडखळेल.

तरीही बोलावं लागणार आहे. कसं, ते पुढं सांगते. आधी मुलाकडे येऊ.

त्यानं नेमकं काय सोडलंय ते बघा. चर्च सोडलेलं नाही. घरची उपासना सोडलेली नाही. सोडलंय ते समोर उभं राहून वाचणं, म्हणजे जिथं वाचलं की शाबासकी मिळते ती जागा. त्या सकाळी सरांनी त्याची पाठ थोपटली आणि मिनिटभरात त्याच सरांनी मावशींना पोरांच्या ओळीत उभं केलं. कौतुक घेणारा म्हणून तो त्यात ओढला गेला, असं त्याला वाटतंय. ज्याला वचनाचं काही पडलेलं नाही असा मुलगा खुशाल वाचून मोकळा झाला असता, आवाज लावून, टाळ्या घेऊन. तुमच्या मुलाला ते जड झालंय, कारण तोंडातून निघालेल्या शब्दाचं पुढं काय होतं इकडे त्याचं लक्ष आहे. त्याच्या श्रद्धेची काळजी मला तुमच्याइतकी वाटत नाही.

काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. त्याच्या मनात आत्ता असं बसत चाललंय की पवित्र शास्त्र सरांच्या बाजूला आहे आणि मावशी दुसऱ्या बाजूला. ही गाठ पक्की व्हायच्या आत सोडवा. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढा आणि त्याच्याबरोबर बसून वाचा. मंडळीच्या सभेत एक माणूस येतो, बोटात सोन्याची अंगठी, अंगावर भारी कपडे. दुसरा येतो तो मळक्या कपड्यांत. पहिल्याला मानाची जागा देतात आणि गरिबाला सांगतात, तू तिथं उभा राहा. अगदी हेच. याकोब त्यावर फार कडक बोललाय. हे लिहिलं गेलं पहिल्या शतकात, विश्वासणाऱ्यांनाच उद्देशून, त्यांच्याच सभेत असं चालत होतं म्हणून. म्हणजे तुमच्या मुलाला जे खटकलं ते शास्त्राला त्याच्या कितीतरी आधी खटकलेलं आहे. आपल्या रागाला जागा आहे, आणि ती चर्चच्या आतच आहे, हे त्याला कळू दे.

आणि हेही त्याला सांगा, कारण त्याच्या पिढीला हे कुणी सांगत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या आपल्या मंडळ्यांमध्ये कितीतरी घरं अशी आहेत ज्यांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहत होते. शाळा असली तरी त्यांच्या पोरांना व्हरांड्यात, दाराबाहेर, उन्हात बसावं लागायचं. मिशनच्या शाळांनी त्यांना आत घेतलं. पुढं याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकत्र बसवायचा हुकूम काढला. बाहेर उभं राहणं म्हणजे काय हे ज्या समाजाच्या हाडामांसात आहे, त्या समाजाच्या शाळेत एका वयस्क बाईला गेटापाशी उभं केलं जातं आणि मुलं हसतात. मला हे वाचून फार लागलं, ताई. तुमच्या मुलाला लागलं याचा मला आधार वाटतो.

एक मात्र सांभाळा. हा उतारा सापडला की त्याला, कदाचित तुम्हालाही, मोह होईल की परिपाठात हाच वाचायचा, सरांच्या समोर, सगळ्या शाळेला ऐकू जाईल असा. तसं होऊ देऊ नका. मावशींना चारचौघांत खाली पाहायला लावलं हीच तर तक्रार आहे. सरांनाही चारचौघांत खाली पाहायला लावलं तर त्यातून मुलगा काय शिकेल?

आता तुम्ही काय करायचं ते.

पहिल्यांदा मावशींकडे जा. शाळा सुटल्यावर त्या वर्ग झाडत असतात तेव्हा, एकट्या असताना. त्यांना सांगा की त्या दिवशी मी पाहिलं, मला वाईट वाटलं, आणि मी सरांशी बोलायचं म्हणतेय, तुम्हाला चालेल का. मग गप्प राहून ऐका. कदाचित त्या म्हणतील, ‘नको बाई, रिटायर व्हायला थोडी वर्षं राहिलीत, कशाला उगीच.’ असं म्हणाल्या तर त्यांचं नाव घेऊन कुठंही काही बोलू नका. अपमान त्यांचा झालाय, त्याचं काय करायचं हे ठरवायचा पहिला हक्क त्यांचा. आपण भल्यासाठी म्हणून धावत जातो आणि मागे राग निघतो तो मावशींवर, असं शाळांमध्ये नेहमी होतं. नाव न घेताही तुम्हाला सरांशी एवढं बोलता येईल की स्टाफच्या उशिराचा विषय मुलांसमोर काढू नये.

मावशी हो म्हणाल्या तर सरांना एकटं गाठा. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूनं याची रीतच घालून दिलीय: भाऊ चुकला तर आधी तू आणि तो, दोघंच असताना बोल. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घे. तरीही नाही तर मंडळीला सांग. आपण बहुतेक वेळा हे उलट्या बाजूनं करतो, आधी अख्ख्या मंडळीत चर्चा होते आणि ज्याच्याबद्दल चर्चा त्याच्या कानावर ती शेवटी जाते. तुम्ही स्टाफरूममध्ये काढू नका, रविवारी उपासनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर काढू नका, दूध आणताना रस्त्यात तर नकोच. दुपारी शाळा शांत झाली की त्यांच्या केबिनमध्ये जा.

बोलायचं काय, तर थोडंच. ‘सर, पाच मिनिटं हवी होती. त्या दिवशी मावशींना मुलांच्या ओळीत उभं केलंत ते मी पाहिलं. तेव्हाच बोलायला हवं होतं, बोलले नाही. मला ते बरोबर वाटलं नाही. उशीर झाला तर मस्टर आहे, लेट मार्क आहे.’ आणि थांबा. मुलाचं नाव काढू नका, नाहीतर विषय लगेच ‘तुमचा मुलगा वाचत का नाही’ इकडे वळेल आणि मावशी बाजूला पडतील. वचनही सुनावू नका. ते त्यांना पाठ आहे.

मस्टरचा मुद्दा लहान वाटतो, पण तो पक्का धरून ठेवा. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७चा कायदा आणि त्याखालची १९८१ची नियमावली आहे. त्यात ताकीद आहे, ठपका आहे, वेतनवाढ रोखणं आहे. कर्मचाऱ्याला विद्यार्थ्यांच्या ओळीत उभं करणं ही शिक्षा त्यात कुठंही नाही. सर शिस्तीचे असतील तर त्यांना हे पटायला वेळ लागू नये. उशिराचं कारण त्यांनी विचारलं होतं का, हेही बोलता बोलता निघू द्या. पंचगंगेची पातळी त्या आठवड्यात काय होती ते त्यांनाही आठवेल.

ते चिडले तर? चिडू शकतात. तुम्ही काही वाद घालू नका, ‘मला सांगावंसं वाटलं’ म्हणून उठा. माणसाला, त्यातून वयानं आणि मानानं मोठ्या माणसाला, अशी गोष्ट गिळायला आठ-पंधरा दिवस लागतात. पुन्हा तसंच घडलं तर मात्र एखाद्या जुन्या, समंजस शिक्षकाला किंवा पाळकांना बरोबर घेऊन दुसऱ्यांदा जा. त्यानंतर मुख्याध्यापक आणि शाळा समिती आहेच. नोकरीची धास्ती मी समजू शकते. पण अकरा वर्षं झालेल्या शिक्षिकेनं केबिनमध्ये बसून आदरानं दोन वाक्यं बोलली म्हणून कुणी तिला काढू शकत नाही. तुम्हाला सोसावा लागेल तो थोडे दिवसांचा अबोला.

तुम्ही महापुरातल्या त्या रात्रींबद्दल लिहिलंत हे फार चांगलं केलंत. तेच सर, तेच वर्ग, आणि त्याच मावशी. मुलगा तेव्हा सात-आठ वर्षांचा असेल, त्याला पुसट काही आठवत असेल. आठवत नसेल तर सांगा. या वयात माणूस एकतर संत दिसतो नाहीतर ढोंगी. मधलं काही दिसत नाही. त्याला पेत्राची गोष्ट सांगा, गलतीकरांच्या पत्रातली. पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर, एका पंगतीला जेवत होता. यरुशलेमहून याकोबाकडची काही मंडळी आली तसा तो लोकांना भिऊन त्या पंगतीतून मागं सरला. पौलानं त्याला तोंडावर सांगितलं की हे चुकतंय. एवढा मोठा प्रेषित पंगतीच्या साध्या गोष्टीत घसरला, त्याला सांगणारा कुणीतरी निघाला, आणि त्यानंतरही तो पेत्रच राहिला. सर पुरात जागले ते खरं होतं. जुलैत वागले तेही खरं आहे. एकानं दुसरं पुसलं जात नाही.

मुलाशी आजच बोला, सरांकडे जायच्या आधी. ‘मीही पाहिलं होतं. मी काही बोलले नाही, वर्गात निघून गेले. आता मावशींना विचारून सरांशी बोलणार आहे.’ एवढंच. पुढं काय होईल याचं वचन देऊ नका. आणि एक सौदा अजिबात करू नका: मी बोलले, आता तू वाच. तसं केलंत तर तुमचं बोलणंही त्याला वाचायला लावण्याची युक्ती ठरेल, आणि नववीतली पोरं युक्ती लांबून ओळखतात.

जबरदस्तीचं उत्तर आता देते. मी दोन गोष्टी वेगळ्या करते. रविवारी घरच्यांबरोबर चर्चला येणं आणि रात्री उपासनेला बसणं हा घराचा शिरस्ता आहे. चौदा वर्षांच्या मुलानं तो पाळावा, यात मला काही गैर वाटत नाही. तो पाळतोही आहे. मागच्या बाकावर बसला तर बसू द्या. डोळे मिटत नसेल तर न मिटू द्या, आणि सासूबाईंना विनंती करा की प्रार्थनेत त्याच्यासाठी मोठ्यानं रडू नका, मनात करा. नातवाला ते ऐकून शरम वाटते, आणि शरमेनं पोरं दूर जातात. पण समोर उभं राहून वाचणं, साक्ष देणं, आणि कन्फर्मेशनमधली शपथ, हे त्याच्या स्वतःच्या तोंडचे शब्द आहेत. तिथं तुमचा, सासूबाईंचा, पाळकांचा, कुणाचाच हात चालत नाही. नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा, असं पवित्र शास्त्रातल्या उपदेशकाच्या पुस्तकात लिहिलंय. पाळकांना स्वच्छ सांगा की यंदा त्याला वर्गात घालत नाही. तो स्वतः विचारेल तेव्हा पाठवू. चांगला पाळक यावर रागावणार नाही.

सासूबाईंना समजवायचं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची आठवण करून द्या, त्यांना ती गोष्ट नक्की माहीत असेल. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्या सोबत नव्हत्या. पुढं काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग त्या परत आल्या त्या आपलं सोवळंओवळं घेऊनच, आणि नवऱ्याच्या घरात ते पाळत राहिल्या. टिळकांनी ते चालू दिलं. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला १९०० साली, त्यांच्या मनानं घेतला तेव्हा. ज्यांची भजनं आपण दर रविवारी गातो त्यांच्या घरात पाच वर्षं वाट पाहिली गेली. तुमच्या घरात चार महिनेही झालेले नाहीत.

मिस्टरांच्या ‘दोन लावून दे’बद्दल: नको. ते दमून येतात, त्यांना हा रोजचा तिढा नको वाटतो, हे खरं. पण सर त्यांचेही सर आहेत. एखाद्या रविवारी दुपारी त्यांना विचारा, तुमच्या वेळी सर कसे होते. मला वाटतं त्यांच्याकडेही सांगण्यासारखं काहीतरी असेल, आणि ते मुलानं बापाच्या तोंडून ऐकलेलं बरं.

तालीम आणि गणपती. कोल्हापुरातल्या मुलानं फुटबॉल खेळायला तालमीत जाणं ही काळजी करण्याची गोष्टच नाही, तिथं त्याला घाम गाळायला आणि मन मोकळं करायला मित्र मिळतात. मित्राच्या घरी गणपतीत जावं, जेवावं, घरातल्या मोठ्यांशी अदबीनं बोलावं. आरतीच्या वेळी बाकीचे उभे असताना त्यानं फतकल मारून बसणं हा उद्धटपणा झाला असता. पवित्र शास्त्रात अरामाचा सेनापती नामान अलीशा संदेष्ट्याला सांगतो की मी आता तुमच्याच देवाला मानतो, पण माझा राजा रिम्मोनच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची मला क्षमा व्हावी. अलीशा त्याला ओरडत नाही, अटी घालत नाही. म्हणतो, शांतीनं जा. तुमचा मुलगा तर नुसता उभा होता.

प्रसादाचं तेवढं सरळ नाही, आणि ते सरळ आहे असं मी सांगणार नाही. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पौल म्हणतो की कुणी जेवायला बोलावलं तर जा, पुढ्यात येईल ते खा, चौकशा करू नका. पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्याचा विचार करून खाऊ नका. आपल्यात काही घरं ते कडक पाळतात, काही घरं शेजारधर्म म्हणून मोदक खातात. तुमच्या घरात काय पाळतात आणि का, हे त्याला एकदा नीट सांगा. ‘काकू, जेवण वाढा, प्रसाद नको’ असं हसून म्हटलं तर कोल्हापुरात कुणी राग धरत नाही. तरी त्यानं खाल्ला तर त्यावरून घर डोक्यावर घेऊ नका.

‘मला एकट्यालाच कंपल्सरी’ हे त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. राज्यघटनेच्या २८व्या कलमाचं तिसरं पोटकलम सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही, आणि विद्यार्थी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, असेल तर पालकाची संमती लागते. ते ख्रिस्ती मुलालाही लागू आहे. त्याच्यासाठी संमती देणारे पालक तुम्ही आहात, म्हणून त्याला ते कंपल्सरी वाटतं. परिपाठात सगळ्यांबरोबर उभं राहायला तुमची संमती असू द्या. समोर येऊन वाचायला ती देऊ नका, आणि वर्गशिक्षकांना तसं सांगून टाका.

चर्चच्या दारातल्या त्या बाईंना उत्तर द्यायची काही गरज नाही. पुन्हा बोलल्या तर ‘त्याच्यासाठी प्रार्थना करा’ म्हणा, आणि मनापासून म्हणा.

राहिली नाताळची यादी. नाव काढायला मुलाला पाठवू नका, तुम्ही जा. कारण विचारलं तर ‘यंदा त्याला नको आहे’ एवढं पुरे. त्या कार्यक्रमाला वाचणारी मुलं पुष्कळ मिळतात. गव्हाणी उभारायला, खुर्च्या लावायला आणि सगळे घरी गेल्यावर हॉल आवरायला कुणी मिळत नाही, ते दरवर्षी मावशींच्याच अंगावर पडतं. तो यायला तयार आहे का विचारा. हो म्हणाला तर ते काम त्याचं, आणि त्याबद्दल मंडळीत कुणाला काही सांगू नका.